आर्बर आधी, सॉ नंतर: घरच्या छोट्या मिलिंग मशीनसाठी स्लिटिंग सॉ निवडण्याचा क्रम

महिन्याकाठी एखादा तरी ओळखीचा माणूस तुटक्या स्लिटिंग सॉचा (धातूत अरुंद खाच पाडणाऱ्या गोल, पातळ, दातेरी चकतीचा) फोटो पाठवतो आणि विचारतो, "कुठल्या कंपनीचा घेऊ म्हणजे टिकेल?" मी उलट विचारतो, आर्बर (सॉ ज्यावर बसवून मशीनमध्ये धरतात तो दांडा) कुठला, डायल इंडिकेटर लावून आउट (फिरताना सॉ किती इकडेतिकडे होतो ते) किती आला, मशीनचा सगळ्यात कमी आरपीएम (मिनिटाला फेरे) किती? बहुतेकांनी यातलं काहीच पाहिलेलं नसतं. सॉ स्वस्तात मिळाला म्हणून आधी आणला, मग त्याला बसेल असा आर्बर शोधला आणि शेवटी कळलं की मशीन तेवढं हळू फिरतच नाही. सॉ तुटतो तो कंपनीमुळे क्वचितच. खरेदीचा क्रम उलटा झालेला असतो.

खालचा क्रम एमटी-३ किंवा आर-८ टेपरच्या (स्पिंडलमधल्या निमुळत्या भोकाची ही ठराविक मापं), हाताने फीड द्यायच्या (म्हणजे टेबल हाताने सरकवायच्या) छोट्या उभ्या मिलिंग मशीनसाठी आहे. मोठ्या आडव्या मिलिंगवर लांब आर्बर, कॉलर आणि बाहेरचा आधार असतो. तिथलं गणित वेगळं.

## १. आधी जॉब कागदावर काढा

खाच किती रुंद, किती खोल, कुठल्या धातूत, आणि नुसती खाच की जॉब आरपार कापायचा, एवढं लिहा. मग बाजूने दिसेल तसं चित्र काढा: जॉब, वाईस, सॉ, आणि सॉला खालून दाबून धरणारी, सॉच्या खाली लटकणारी आर्बरची टोपी. ही टोपी हमखास विसरली जाते. १० मिमी जाडीची टोपी असेल तर टोपी ज्या भागावरून जाणार, तिथे वाईसचा जबडा सॉच्या खाली किमान ११-१२ मिमी हवा. पॅरलल (समांतर पट्ट्या) ठेवून जॉब वर उचलावा लागेल का, हे आत्ताच कळतं. ऐन कटात टोपी जबड्यावर आपटली की सॉ गेला.

उदाहरणाला एकच जॉब शेवटपर्यंत धरू: एम.एस.चा (साध्या पोलादाचा) क्लॅम्प ब्लॉक, त्यात १.६ मिमी रुंद, १२ मिमी खोल खाच.

## २. व्यास: लागेल तेवढाच

आर्बरची फ्लँज (सॉ ज्यावर टेकतो ती रुंद गोल कड) जिथे संपते, तिथून पुढे उरलेला सॉ काय तो कामाचा.

लागणारा व्यास = फ्लँजचा व्यास + खोलीच्या दुप्पट + ३ मिमी सुट

फ्लँज ३२ मिमी, खोली १२ मिमी. म्हणजे ३२ + २४ + ३ = ५९. बाजारात त्याच्या वरचा माप ६३ मिमी. विषय संपला. "१०० चा घेतला तर पुढेही कामाला येईल" हा विचार इथे महागात पडतो, कारण आता आरपीएम आडवा येतो.

आरपीएम = (कटिंग स्पीड × १०००) ÷ (३.१४ × व्यास)

एच.एस.एस. (हाय स्पीड स्टील) सॉने एम.एस. कापताना कटिंग स्पीड, म्हणजे दाताच्या टोकाचा वेग, मी मिनिटाला २० मीटर धरतो. त्या हिशोबाने ६३ मिमीला साधारण १०० आरपीएम, ८० मिमीला ८० आणि १०० मिमीला ६४. घरगुती मिलिंग मशीन बहुधा १०० च्या खाली उतरत नाहीत. उतरल्या तरी ज्यांचा वेग इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरने कमी होतो त्यांच्यात तिथे जोर उरत नाही. सॉ अडकतो, मोटर कण्हते. म्हणून अशा मशीनवर स्टीलसाठी ६३ मिमी हीच वरची मर्यादा समजा. पितळेला ४५ मीटर धरलं तर ६३ मिमीला सव्वादोनशे आरपीएम, ॲल्युमिनियमला ८० मीटरने चारशे. तिथे ८० मिमीचा सॉही चालेल. एस.एस. ३०४ ला (स्टेनलेस स्टीलला) १०-१२ मीटरच झेपतात, म्हणजे ६३ मिमीला ५०-६० आरपीएम. ते काम मी बाहेरून करून आणतो, स्पष्टच सांगतो.

तपासा: मशीनच्या पाटीवरचा सगळ्यात कमी आरपीएम आणि तुमच्या गणितातला आरपीएम शेजारी लिहा. पाटीवरचा आकडा मोठा असेल तर व्यास कमी करा. "हळूच फीड देईन" हा त्यावर उपाय नाही. वेगाने जळणारे दात हळू फीडनेही जळतातच.

## ३. बोअर: २२ आणि ७/८ इंच एक नव्हेत

६३ मिमीच्या सॉला सहसा १६ मिमी बोअर (मधलं भोक) असतो, ८० आणि १०० ला २२. पण आपल्याकडच्या दुकानांत, विशेषतः जुन्या मालात, २७ मिमी, १ इंच आणि ७/८ इंच असं सगळं एकाच डब्यात पडलेलं असतं. ७/८ इंच म्हणजे २२.२२५ मिमी. हा सॉ २२ च्या आर्बरवर अगदी मऊपणे बसतो आणि दुकानदार म्हणतो, "बघा, बसला!" बसला, पण पाव मिमीला जरा कमी सुटाने. १ इंची सॉ २५ च्या आर्बरवर ०.४ मिमी ढिला बसतो.

आता हा ढिलेपणा काय करतो ते पाहा, कारण घरच्या कामातली बहुतेक तुटफूट इथूनच सुरू होते. समजा सॉला ४० दात आहेत आणि दर दाताला ०.०१५ मिमी फीड आहे. सॉचं केंद्र ०.०५ मिमी सरकलेलं असेल (डायलवर एकूण आउट ०.१० दिसेल), तर शेजारच्या दोन दातांच्या उंचीत जास्तीत जास्त ०.००८ मिमी फरक पडतो. म्हणजे काही दात ०.०२३ घेतात, काही ०.००७, पण कापतात सगळेच. २२ च्या आर्बरवर ७/८ चा सॉ एका बाजूला सरकून आवळला गेला तर केंद्र ०.११ ने सरकतं. तेव्हा हा फरक ०.०१७ होतो, फीडपेक्षा जास्त. एका बाजूचे काही दात आता धातूला लागतच नाहीत आणि समोरच्या बाजूचे दुप्पट खातात. १ इंचाचा सॉ २५ वर चढवला तर गोष्ट आणखी बिघडते.

यातूनच एक उलटं वाटणारं सत्य निघतं. आउट असलेल्या सॉला भीत भीत, केसभर फीड दिला तर तो सुरक्षित होत नाही. फीड जितका कमी, तितके कमी दात कापतात आणि बाकीचे घासतात. घासलेले दात बोथट होतात, सॉ तापतो, फुगतो, खाचेत आवळला जातो.

तपासा: सॉ घ्यायला जाताना व्हर्निअर खिशात हवा. बोअर मोजा. पाकिटावर छापलेलं माप वाचू नका, विशेषतः पाकीट दुसऱ्याच मालाचं असू शकतं तेव्हा.

## ४. आर्बर: शक्यतो स्वतः टर्न करा

बाजारात तीन तऱ्हा मिळतात. पायऱ्यापायऱ्यांचा आर्बर, ज्यावर १३ पासून १ इंचापर्यंत सगळे बोअर बसतात असं म्हणतात. एका मापाचा, सरळ शँकचा (शँक म्हणजे मशीनमध्ये धरायचा भाग). आणि थेट एमटी-३ किंवा आर-८ शँकचा. पहिला घेऊ नका. पायऱ्या अरुंद, टोपी छोटी, आणि पातळ सॉ पायरीच्या कडेवर कलंडतो. सरळ शँकचा चालतो, पण कोलेटमध्येच (शँकला चहूबाजूंनी आवळणाऱ्या चिरलेल्या नळीत) धरा. ड्रिल चकमध्ये कधीही नाही. चकचा टेपर सरळ खालच्या दाबासाठी असतो, आडव्या ओढीने तो निसटून हातात येतो.

लेथ असेल तर दुपारभरात उत्तम आर्बर होतो. १६ बोअरसाठी मी ठरवलेली मापं:

- शँक २० मिमी, कोलेटमध्ये पूर्ण जाईल एवढाच लांब
- फ्लँज ३२ मिमी व्यास, १० मिमी जाड
- स्पिगॉट (सॉच्या बोअरमध्ये बसणारा उंचवटा) १५.९९ मिमी व्यास, ३ मिमी लांब
- टोपी ३२ मिमी व्यास, १० मिमी जाड, आतून १६.२ मिमी व्यासाची २.६ मिमी खोल खळगी
- मध्ये एम-८ चा काउंटरसंक ॲलन बोल्ट

टोपीतल्या खळगीमुळे स्पिगॉट आत शिरतो आणि ०.८ मिमीचा पातळ सॉसुद्धा घट्ट दाबला जातो. ती नसली तर टोपी स्पिगॉटवर टेकते आणि सॉ मोकळाच राहतो.

क्रम मात्र असाच ठेवा:

१. ई.एन. ८ चा (मध्यम कार्बन पोलादाचा) तुकडा घ्या. आधी शँक टर्न करून पूर्ण करा.

२. जॉब उलटा करून शँक कोलेटमध्ये, किंवा फोर-जॉ चकमध्ये डायल लावून ०.०१ च्या आत धरा.

३. फ्लँज आणि स्पिगॉट रफ करा, मध्ये ड्रिल आणि टॅप मारा. टॅपिंगचे हिसके आधीच उरकून घ्यायचे.

४. शेवटी, न सोडता, स्पिगॉटचा फिनिश कट आणि फ्लँजचं फेसिंग करा. स्पिगॉट आणि फेस एकाच सेटिंगमध्ये झाले पाहिजेत.

५. फ्लँजच्या मधला भाग ०.२ मिमी खोल घ्या, म्हणजे फक्त बाहेरचं ४-५ मिमीचं कडं सॉला दाबेल. टोपीलाही तसंच करा.

स्पिगॉटचा माप सॉचा बोअर मोजून ठरवा. सॉ हाताने, किंचित अडत, हवा कोंडल्यासारखा बसला पाहिजे. टकटक करावं लागलं तर घट्ट, खुळखुळला तर ढिला.

मिनी लेथच्या हेडस्टॉकला आणि मिनी मिलिंगच्या स्पिंडलला दोन्हीकडे एमटी-३ असेल तर नशीबवान आहात. पुढचं टोक न टर्न केलेला एमटी-३ आर्बर विकत घ्या, लेथच्या स्पिंडलमध्येच ड्रॉबारने (मागून ओढणाऱ्या लांब बोल्टने) ओढून धरा आणि तिथेच स्पिगॉट टर्न करा. चक नाही, कोलेट नाही, म्हणजे त्यांची चूकही नाही.

चावी (सॉ आर्बरवर सरकू नये म्हणून दोघांच्या खाचेत बसवायचा छोटा तुकडा) लावायची का? पातळ सॉला मी लावत नाही. अडकला तर सॉ आर्बरवर सरकावा, तुटू नये. ३ मिमीच्या वरच्या सॉसाठी मत वेगळं असू शकतं, पण ते घरच्या मशीनवर सहसा चालवत नाही.

सावध: बोल्ट उजव्या आट्यांचा आणि स्पिंडल वरून बघताना घड्याळाच्या दिशेने, असं असेल तर कापताना टोपी आवळली जाते. सॉ उलटा चढवून स्पिंडल उलटा फिरवला तर दात कापतील, पण बोल्ट सुटत जाईल.

## ५. जाडी आणि दात

खाच १.६ ची म्हणून सॉ १.६ चा, हे सरळ आहे. पण खाचेच्या रुंदीला बंधन नसेल, नुसता तुकडा कापायचा असेल, तर जाड घ्या, २ किंवा २.५. माझा ठोकताळा: फ्लँजच्या बाहेर निघालेला सॉ जाडीच्या दहापट असेल तर निवांत, पंधरापट असेल तर जपून. ६३ च्या सॉला ३२ ची फ्लँज असली की बाहेर १५.५ मिमी उरतो. १.६ जाडीला हे दहापटच्या आतबाहेर, चालेल. १ मिमीचा सॉ त्याच आर्बरवर पंधरापटीला पोचतो.

दातांच्या बाबतीत मात्र जवळजवळ सगळे उलटी निवड करतात. बारीक दात म्हणजे नाजूक, स्वच्छ काम असं डोक्यात बसलेलं असतं, हॅकसॉची सवय. माझ्याकडे ६३ × १.६ चे दोन सॉ आहेत, एक ४० दातांचा, एक ८० चा. १२ मिमी खोल खाचेत ४० दातांच्या सॉचे पाच-सहा दात एका वेळी धातूत असतात, ८० वाल्याचे अकरा-बारा. प्रत्येक दाताने काढलेली चिप खाचेतून बाहेर पडेपर्यंत त्याच्या पुढच्या पोकळीत मावली पाहिजे. बारीक दाताची पोकळी खोल खाचेत भरून जाते, ॲल्युमिनियम तर तिथे चिकटून वेल्ड होतं, आणि पुढच्याच फेऱ्याला कडकन आवाज येतो. खोल खाचेला मोठे दात. ८० दातांचा सॉ मी पातळ नळीला वापरतो: दीड मिमीच्या भिंतीत ४० दातांचे दोनच दात लागतात आणि आपटतात, ८० चे चार लागतात.

स्क्रूच्या डोक्याला खाच पाडायचे बारीक दातांचे सॉ दिसायला असेच असतात आणि स्वस्त मिळतात. त्यांच्या बाजू बहुधा सपाट असतात, केंद्राकडे पातळ होत जातील अशा घासून घेतलेल्या नसतात. उथळ खाचेला ठीक. १२ मिमी खोल गेले की बाजू घासून अडकतात.

## ६. दुकानात, हातात घेऊन

मुंबईची नागदेवी स्ट्रीट, पुण्याची बोहरी आळी, कोल्हापूरचं उद्यमनगर, कुठेही घ्या, पाच मिनिटं मागून घ्या.

मायक्रोमीटरने दातांच्या लगत जाडी मोजा, मग १५-२० मिमी आत मोजा. आत काही शतांश मिमी कमी भरली पाहिजे. दोन्हीकडे सारखी भरली तर सॉच्या बाजूंना सुट नाही. काचेच्या काउंटरवर सॉ ठेवून कडेला बोटाने दाबा. डगमगला तर वाकलाय. जुना माल असेल तर दात उजेडाकडे धरून टोकावर चमकती रेघ दिसते का बघा. ती बोथटपणाची खूण. बोअरच्या चावीच्या खाचेच्या कोपऱ्यात केसासारखी तडा असेल तर फुकटही नको.

पहिल्या खरेदीला ६३ × १.६ × १६, मोठ्या दातांचे, साध्या एच.एस.एस.चे दोन घ्या. दोन, कारण पहिला तुटणार आहे. कार्बाइडचा सॉ घरच्या मशीनवर आणू नका, थरथरणाऱ्या स्पिंडलवर तो काचेसारखा फुटतो.

## ७. चढवणं आणि डायल

स्पिंडलचा टेपर, आर्बर, फ्लँज, सॉच्या दोन्ही बाजू, टोपी, सगळं फडक्याने आणि मग हाताच्या तळव्याने पुसा. तळव्याला लागतो तो कण डोळ्याला दिसत नाही. फ्लँजखाली अडकलेली एक चिप सॉच्या कडेला दुपटीने उमटते.

आधी सॉशिवाय डायल लावा. स्पिगॉट आणि फ्लँजचा फेस ०.०१-०.०२ च्या आत हवेत. नसतील तर आर्बर सोडून पुन्हा बसवा, कोलेट बदलून बघा. मग सॉ चढवा, स्पिंडल हाताने उलटा फिरवत दातांच्या टोकांवर डायल न्या. एकूण आउट ०.०५ च्या आत आला तर सोन्याहून पिवळं, ०.१० पर्यंत चालवून घेतो. जास्त असेल तर बोल्ट ढिला करून सॉ स्पिगॉटवर पाव फेरा फिरवा, आवळा, पुन्हा मोजा. आर्बरची आणि सॉची चूक एकमेकींना खोडते अशी एक जागा बहुतेकदा सापडते. सापडली की मार्करने दोघांवर रेघ मारा. कडेच्या बाजूवरही डायल धरा: तिथला डगमग थेट खाचेच्या रुंदीत मिळतो.

## ८. जॉब धरणं, मध्य काढणं, पहिला कट

क्लॅम्प ब्लॉक वाईसमध्ये धरताना खाचेची पातळी जबड्यांच्या वर राहील असा धरा. वरून पट्टीने दाबायचा मोह टाळा, कारण त्या दाबाने खाच मिटते आणि सॉ चिमटीत सापडतो. ब्राइट बारमध्ये (थंड ओढून काढलेल्या सळईत) आतला ताण असतोच, कापता कापता तो आपणहून उघडतो किंवा मिटतो. निम्म्या कटानंतर थांबून, मशीन बंद करून, कापलेल्या खाचेत फीलर गेजची पाती सरकवून ठेवा. तुकडा आरपार कापायचा असेल तर शेवटचा अर्धा मिमी ठेवा आणि हॅकसॉने सोडवा. सुटलेला वरचा तुकडा सॉवर कलंडला की काय होतं ते मी बघितलंय. ८० × १ चा सॉ होता, पाच तुकडे झाले, आणि त्यातला एक अजून माझ्या कपाटाच्या सनमाइकात आहे. काढला नाही, मुद्दाम.

२० मिमी गोल जॉबच्या बरोबर मध्यात खाच हवी असेल तर: सॉची खालची बाजू जॉबच्या माथ्याला कागद लावून टेकवा, सॉ बाहेर घ्या, मग जॉबची त्रिज्या + सॉची निम्मी जाडी + कागदाची जाडी एवढा खाली उतरवा. १० + ०.८ + कागद. निम्मी जाडी विसरली की खाच सरकते, आणि ते लक्षात येतं जॉब पूर्ण झाल्यावर.

आता मशीन. क्विल (स्पिंडलचा खाली-वर सरकणारा भाग) लॉक, झेड (उभा अक्ष) लॉक, ज्या अक्षात कापत नाही त्याचा लॉक. ज्यात कापता त्याची गिब (सरकत्या भागाचा ढिलेपणा काढणारी पट्टी) किंचित आवळा. फीड दातांच्या विरुद्ध द्या, म्हणजे अप मिलिंग. डाउन मिलिंगमध्ये, म्हणजे दातांच्या दिशेनेच फीड दिला तर, सॉ टेबलला स्क्रूच्या बॅकलॅशएवढं (आट्यांमधल्या ढिलेपणाएवढं) पुढे खेचतो आणि एका दाताला दहा दातांचं काम पडतं.

सावध: उभ्या मशीनवर सॉ आडवा, तुमच्या छातीच्या उंचीला फिरतो. तुटला तर तुकडे त्याच पातळीत उडतात. समोर पॉलिकार्बोनेटची फळी, डोळ्यावर गॉगल, आणि हातमोजे नकोत.

१०० आरपीएम, ४० दात, दाताला ०.०१५ मिमी: मिनिटाला ६० मिमी. टेबलच्या स्क्रूला २ मिमी पिच असेल तर हँडलचा एक फेरा दोन सेकंदांत. पहिल्यांदा हा वेग फार वाटतो. पहिले दात टेकेपर्यंत हळू, चार-पाच दात धातूत गेले की याच लयीत न थांबता. सॉ धातूत फिरता ठेवून थांबू नका. थांबायचंच असेल तर मागे घ्या.

एम.एस.ला ब्रशने कटिंग ऑइल किंवा सोल्युबल ऑइल, ॲल्युमिनियमला थोडं रॉकेल (ठिणगी आणि विडीपासून लांब), पितळ आणि बीड कोरडंच. ब्रश नेहमी सॉ बाहेर पडतो त्या बाजूला. आत शिरणाऱ्या बाजूला धरला तर ब्रश आधी जातो, मग बोटं.

कान उघडे ठेवा. दर फेऱ्याला एकदा "खर्र… खर्र…" येणारच, थोडा आउट सगळ्यांचा असतो. ते "कीं" असं लांबट झालं तर दात घासतायत, फीड वाढवा किंवा सॉ बोथट झालाय. चिप्सऐवजी पिठासारखा कीस पडत असेल तरी तेच. खाच एका बाजूला वळत चालली तर विरुद्ध बाजूचे दातांचे कोपरे गेलेत. फीडने ती सरळ होणार नाही, सॉ उतरवा.

## ९. काम झाल्यावर

सॉ पुसून, तेलाचं बोट फिरवून, कागदात गुंडाळून आडवा ठेवा. डब्यात एकमेकांवर टाकले की दातांनी दात जातात. साध्या ६३ मिमीच्या सॉला धार लावून घेणं मला परवडत नाही, एक नग घेऊन गेलं तर ग्राइंडिंगवालाही तोंड वाकडं करतो. ८० च्या वरचे, जाड, चांगले पाच-सहा साठले की एकदम देतो.

आणि आर्बरच्या फ्लँजवर पंचने माप ठोकून ठेवा: १६, २२, २७. इंची असेल तर मिमीत ठोका, २२.२२, २५.४. सहा महिन्यांनी डब्यातून दोन आर्बर निघतात, दोन्ही सारखे दिसतात, आणि व्हर्निअर नेमका शेजाऱ्याकडे गेलेला असतो.